गुन्ह्याची नोंद झालीच पाहिजे

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. उन्हाळ्याची सुटी, लग्नसराई आणि आखाजी पाठोपाठ येतात आणि जळगावच्या कॉलन्यांमध्ये गल्लीच्या गल्लीत दारांना कुलपं दिसू लागतात. चोरांनाही हे पंचांग पाठ असतं. ‘बंद घर फोडून ऐवज लांबविला’ ही बातमी या दिवसांत इतकी नेहमीची, की आपण ती वाचून पान उलटतो. एका आखाजीला त्या बातमीतलं घर आमचं होतं.

आम्ही सगळे माझ्या माहेरी, धुळ्याला देवपुरात होतो. सांजोऱ्यांचा घाणा अजून कढईतच होता आणि आमच्या दूधवाल्याचा फोन आला, “मावशी, तुम्हना घरनं कुलूप तुटेल शे!” पारोळा, एरंडोल मागे टाकत जळगाव गाठेपर्यंत गाडीत कुणी शब्द बोललं नाही.

दाराचा कोयंडा उचकटलेला होता. कपाटातल्या साड्या आणि कागदपत्रं पलंगावर विखुरलेली. पण मी खरी हादरले ती स्वयंपाकघरात. डाळी-तांदळाचा एकेक डबा फरशीवर उपडा केलेला होता. बायका डब्यात पैसे ठेवतात, हे ठाऊक असलेल्या माणसाने सावकाश, एकेक करून ते तपासले होते. नुकत्याच वाळवून भरलेल्या कुरडयांचा पायाखाली चुरा झाला होता. सासूबाईंची मंगलपोत आणि मुलीचे कानातले गेले. सोन्याच्या बाजारासाठी नावाजलेल्या या गावात साध्या घरातही थोडं सोनं असतंच. आमचंही थोडंच होतं. त्याची हळहळ ओसरली, पण कुणीतरी आपल्या घरात निवांत वावरून गेलं, ही भावना कितीतरी महिने रात्री झोपू देत नव्हती.

पोलीस ठाण्यात सांगण्यात आलं, “आधी साधा अर्ज देऊन ठेवा, चौकशी करतो.” यजमान तयारही झाले होते. मी मात्र अडून बसले. अर्ज आणि गुन्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अर्ज फायलीत पडून राहू शकतो. गुन्ह्याला नोंदवहीत क्रमांक मिळतो, तपास अधिकारी मिळतो आणि पुढे त्याचं काय झालं याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते आणि ठाण्यात नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते. संध्याकाळपर्यंत आमचा गुन्हा नोंदवला गेला. मग पंचनामा झाला, ठसेतज्ज्ञ आले, श्वानपथकही आलं. कुत्रं महामार्गापर्यंत गेलं आणि तिथेच घुटमळलं.

पुढच्या काही दिवसांत शेजारणी भेटायला येत राहिल्या आणि प्रत्येकीकडून काही ना काही कळत गेलं. कुणाची दुचाकी गेली होती, कुणाच्या गळ्यातली पोत मोटारसायकलवरच्यांनी ओढून नेली होती. एकीचा मोबाइल बाजारात चोरीला गेला, पण तिच्या हातात जो कागद पडला त्यावर ‘गहाळ’ असं लिहिलं होतं. बऱ्याच जणींनी ठाण्याची पायरीच चढली नव्हती. “कुठे कोर्टकचेऱ्या करायच्या?” हेच सगळ्यांचं म्हणणं.

आपल्या भागात गुन्हे किती, हे नोंदींवरूनच ठरतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे मोजतो. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले तरी त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. शहरांचे वेगळे तक्ते निघतात ते वीस लाखांवरच्या महानगरांचे. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या साडेचार लाखांच्या थोडी वर आणि धुळ्याची पावणेचार लाख होती, त्यामुळे आपली शहरं त्या तक्त्यांत येतच नाहीत. आपल्या कॉलनीचा हिशेब ठाण्याच्या नोंदवहीतच असतो. तिथे चोऱ्या दिसल्या नाहीत, तर रात्रीची गस्त आपल्याकडे कशासाठी वाढेल?

चोरीनंतर कॉलनीतल्या मुलांनी रात्री पहारा सुरू केला. एका रात्री गलका ऐकून मी बाहेर आले. मुलांनी एका अनोळखी माणसाला घेरलं होतं, दोघांच्या हातात काठ्या होत्या. तो काय सांगतो ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर राईनपाडा उभा राहिला. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं ते गाव. 1 जुलै 2018 ला तिथे मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेली गरीब माणसं होती ती. 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मी मुलांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि 112 ला फोन लावला. पोलीस आले, चौकशी झाली. तो एका लग्नाच्या बँडपथकातला वादक होता, मुक्कामाची जागा शोधत भटकला होता.

त्या रात्रीनंतर कॉलनीने बसून नियम ठरवले. पहारा राहील, पण काठी कुणी घ्यायची नाही. शंका आली तर 112. गावाला जाणाऱ्याने शेजारी आणि पोलीस ठाणे, दोघांना कळवायचं. बंद पडलेले पथदिवे महापालिकेकडे लेखी तक्रार करून सुरू करून घेतले. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये गेले. आणि कुणाकडेही चोरी झाली, की दोघं जण सोबत ठाण्यात जातात आणि फिर्यादीची प्रत घेऊनच परततात. त्यामुळे बाया आता फिर्याद द्यायला घाबरत नाहीत.

आमचं सोनं अजून मिळालेलं नाही, पण तपासाची फाइल उघडी आहे. माझं प्रत्येक वाचकाला कळकळीचं सांगणं आहे: तुमच्याकडे चोरी झाली तर गप्प बसू नका आणि कुणावर हातही उगारू नका. ठाण्यात जा, गुन्हा नोंदवा, प्रत मागून घ्या. तुमच्या शेजाऱ्याच्या सुरक्षिततेसाठीही ती नोंद लागते.