क्नूडसेन गुरुजींचे कान

भाषेचे प्रश्न पंडितांच्या परिषदांत सुटतात, अशी आपली समजूत असते. परिषदा ठराव करतात हे खरे. पण प्रश्न प्रथम उभा राहतो तो शाळेच्या बाकावर. मूल तोंडाने एक बोलते, पुस्तकात दुसरेच छापलेले असते आणि त्या दोहोंच्या मध्ये शिक्षक उभा असतो. नॉर्वे देशातील अशाच एका शिक्षकाचे चरित्र अलीकडे वाचनात आले आणि बरेच दिवस मनात रेंगाळत राहिले. क्नूड क्नूडसेन हे त्यांचे नाव. आज नॉर्वेतील बहुसंख्य लोक ज्या लेखनभाषेत लिहितात, त्या ‘बोकमोल’ भाषेचे जनक म्हणून त्यांना ओळखले जाते.

त्यांचे कार्य समजून घ्यायचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल. चारशेहून अधिक वर्षे नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अधिपत्याखाली होता. १८१४ साली हे नाते तुटले, देशाने स्वतःची राज्यघटना तयार केली; परंतु त्याच वर्षी त्याला स्वीडनशी संयुक्त व्हावे लागले. डॅनिश राजा गेला, डॅनिश लेखणी मात्र राहिली. न्यायालय, वृत्तपत्र, पाठ्यपुस्तक, प्रार्थनापुस्तक सारे डॅनिशमध्ये. घराघरांत मात्र लोक नॉर्वेजियन बोलत होते. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या असल्यामुळे लिहिलेले कळत असे. पण ते आपले वाटत नसे.

वर्गात याचे परिणाम रोज दिसत. रस्त्याला बहुतेक नॉर्वेजियन माणसे ‘गाटे’ म्हणत, पुस्तकात ‘गाडे’ छापलेले असे. केकला ते ‘काके’ म्हणत, लिहिताना मात्र ‘कागे’ लिहावे लागे. शब्दांच्या पोटात मुकी अक्षरे होती, दीर्घ स्वर दाखवण्यासाठी एकच अक्षर दोनदा लिहिण्याची रीत होती. त्यातून वाचनाची एक कृत्रिम तऱ्हा रूढ झाली होती. पुस्तक हाती घेतले की मूल आपला नेहमीचा आवाज बाजूला ठेवी आणि छापील अक्षरांबरहुकूम, नॉर्वेत वा डेन्मार्कमध्ये कोणीही बोलत नसलेल्या उच्चारात वाचू लागे. या तऱ्हेला तिकडे ‘क्लोकरडान्स्क’ म्हणतात. ‘क्लोकर’ म्हणजे चर्चमधला सेवक. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ ‘चर्चसेवकाची डॅनिश’ असा होतो. देवळातल्या सुराला लोकांनी दिलेले हे नाव वाचताना मला हसू आले आणि थोडे अंतर्मुखही व्हायला झाले. वेदीवरील वाचन करताना आपले वाचकही कित्येकदा असाच एक परका सूर लावतात.

क्नूडसेन यांचा जन्म ६ जानेवारी १८१२ रोजी दक्षिण नॉर्वेतील ट्वेडेस्ट्रांड या बंदराजवळच्या होल्ट गावी झाला. उच्च शिक्षण घेऊन ते प्रथम ड्रामेन येथे शिक्षक झाले. १८४६ पासून १८८० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, त्यांनी राजधानीतील कॅथेड्रल शाळेत अध्यापन केले. आजच्या ओस्लोचे त्या वेळचे नाव ख्रिस्तियानिया असे होते. बाह्यतः पाहता हे आयुष्य घटनाशून्य आहे. तास घेणे, वह्या तपासणे, लेख लिहिणे आणि विरोधकांना उत्तरे देणे. परंतु त्या वह्यांतल्या चुका पाहून गुरुजींनी एक साधा प्रश्न विचारला: मुलाच्या कानाला जे ऐकू येते तेच त्याने लिहिले, तर चूक मुलाची की लेखनपद्धतीची?

त्यांचे उत्तर असे होते की लेखन हे उच्चाराच्या मागे चालले पाहिजे. पण नॉर्वेच्या दऱ्याखोऱ्यांत उच्चार तर शेकडो. मग कोणाचा उच्चार प्रमाण मानायचा? येथे दोन वाटा फुटल्या. क्नूडसेन यांच्याहून एका वर्षाने लहान असलेले इवार ओसेन हे शेतकऱ्याचे पुत्र. तेही तरुणपणी गावोगाव फिरत्या शाळेत शिकवीत असत. ओसेन देशभर हिंडले, खेडुतांच्या बोली त्यांनी टिपून घेतल्या आणि १८४८ मध्ये त्यांचे व्याकरण, तर १८५० मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला. त्या बोलींच्या पायावर त्यांनी एक नवी लेखनभाषा उभारली. तीच आजची ‘नीनोर्स्क’. क्नूडसेन यांनी दुसरी वाट धरली. शहरांतील सुशिक्षित लोक रोजच्या व्यवहारात जे बोलतात ते प्रमाण धरावे, आणि रूढ डॅनिश लेखन पायरीपायरीने त्याच्याकडे वळवावे, असे त्यांचे मत होते. लोकांची वाचनाची सवय एका रात्रीत मोडू नये, हा त्यांचा आग्रह होता. १८५६ साली त्यांनी या भाषेचे व्याकरण सिद्ध केले.

रंगभूमीवरही त्यांनी काम केले. राजधानीतील नाट्यगृहात तेव्हा डॅनिश नटांचे आणि डॅनिश उच्चारांचे राज्य होते. १८५२ साली तेथे नॉर्वेजियन रंगभूमीची चळवळ सुरू झाली तेव्हा नटांचे उच्चार घडवण्याची जबाबदारी क्नूडसेन यांनी स्वीकारली. राजा असो की सरदार, त्याने रंगमंचावर आपल्या देशाच्या उच्चारात बोलावे, ही गोष्ट त्या काळी धाडसाची होती.

फळ मात्र सावकाश आले. १८६२ च्या सुधारणेने मुके ‘इ’ अक्षर आणि स्वरांचे द्वित्व यांना रजा मिळाली. १८६९ मध्ये स्टॉकहोम येथे स्कँडिनेव्हियन देशांची लेखनविषयक बैठक भरली. तिला क्नूडसेन आणि नाटककार हेन्रिक इब्सेन हे दोघेही उपस्थित होते. ४ मार्च १८९५ रोजी गुरुजींचे निधन झाले, तेव्हाही ‘गाडे’ हेच शुद्ध होते. पुढे बारा वर्षांनी, १९०७ च्या सुधारणेत, ‘गाटे’ आणि ‘काके’ यांना अधिकृत मान्यता मिळाली. ज्याने पेरले त्याच्या वाट्याला कापणी आली नाही.

त्यांच्या कार्याची मर्यादाही नमूद केली पाहिजे. शहरी सुशिक्षितांचे बोलणे प्रमाण धरले की डोंगरातल्या शेतकऱ्याचे मूल पुन्हा उंबरठ्याबाहेरच राहते, हा ओसेन यांच्या अनुयायांचा आक्षेप पोकळ नव्हता. नॉर्वेने यावर काढलेला मार्ग मला विशेष भावतो. १८७८ साली तेथील संसदेने ठराव केला की लोकशाळांतील शिक्षण शक्य तितके मुलांच्या स्वतःच्या बोलीत द्यावे. १८८५ मध्ये ओसेन यांच्या भाषेला बरोबरीचा दर्जा मिळाला. आज तेथे दोन्ही लेखनभाषा नांदतात, आणि बोलताना माणूस आपली गावची बोली संसदेतही निःसंकोच वापरतो.

आपल्या मराठीनेही अशी एक पायरी ओलांडलेली आहे. ‘कां’, ‘नाहीं’, ‘घरें’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी गळून पडले. जुन्या पिढीला त्याचे वाईट वाटले असेल, विद्यार्थ्यांचा मात्र भार हलका झाला. परंतु टिंबे गेल्याने सारे काम संपले असे नाही. वसईच्या पट्ट्यात घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात येते, प्रश्नाचे अचूक उत्तर त्याला ठाऊक असते, आणि तरीही ते गप्प बसते. आपल्या तोंडचा शब्द पुस्तकातला नाही, एवढेच त्याच्या मौनाचे कारण असते. हे मौन मी अनेक वर्गांत पाहिले आहे. प्रमाणभाषा त्याला अवश्य शिकवावी. तिच्यावाचून त्याचे पुढे अडेल. पण ती शिकवताना आईची बोली ही ‘चूक’ आहे असे त्याच्या मनावर बिंबले, तर आपण त्याला एक भाषा देऊन दुसरी हिरावून घेतली असे होईल.

क्नूडसेन गुरुजी मोठे प्रतिभावंत नव्हते. त्यांच्या गद्याला कोणी रसाळ म्हटलेले नाही, आणि परके शब्द निवडून काढण्याचा त्यांचा आग्रह पुष्कळांना अतिरेकी वाटला. १८८१ मध्ये त्यांनी त्यासाठी एक जाडजूड कोशच प्रसिद्ध केला. पण तांबड्या शाईने खूण करण्यापूर्वी मूल काय म्हणते ते ते ऐकत. चौतीस वर्षे एका शाळेत टिकून राहिलेल्या त्या ऐकण्यातून एका राष्ट्राची लेखणी हळूहळू वळत गेली. आपल्या धर्मग्रामांतील शाळांत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकवणाऱ्या बंधुभगिनींनी हे चरित्र अवश्य ध्यानात ठेवावे. पुढच्या वेळी एखादे मूल ‘चुकीचा’ शब्द उच्चारील, तेव्हा तो कोणाच्या घरून आला आहे, एवढे आधी विचारावे. दुरुस्ती त्यानंतरही करता येते.