वेड, पेडगाव आणि मानसशास्त्र

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण आमच्या गावाला जन्माची चिकटलेली आहे. वस्तुतः म्हणीतील पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातील, बहादूरगडाचे, आमचे परभणीजवळचे. परंतु परगावी गावाचे नाव सांगितले की समोरचा गृहस्थ हसलाच म्हणून समजावे. साहजिकच धाकट्या बंधूंच्या कन्येने बी. ए.ला मानसशास्त्र घेतले तेव्हा ओसरीवर जो हशा पिकला, त्यात आम्हीही सामील होतो.

आमचा आक्षेप मात्र थट्टेचा नव्हता. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या. त्यास आपण दर्शन म्हणतो. मग तराजूत न मावणाऱ्या मनाचे ‘शास्त्र’ ते कसले? शिवाय वेड पांघरण्याचा प्रयोगच अमेरिकेत होऊन गेलेला! रोझेनहान नामक प्राध्यापकाने १९७३ साली प्रसिद्ध केले की, आठ शहाणी माणसे ‘कानांत आवाज येतात’ एवढेच सांगून बारा इस्पितळांत गेली आणि प्रत्येक ठिकाणी वेडी ठरून दाखल झाली. दिवाळीच्या सुटीत कन्या घरी आली तेव्हा हा बाण आम्ही सोडला.

ती म्हणाली, “अण्णा, पुढचेही ऐका. २०१९ साली एका लेखिकेने जुनी कागदपत्रे धुंडाळून त्या प्रयोगाच्या खरेपणाविषयीच गंभीर शंका काढल्या. आणि २०१५ साली मानसशास्त्रज्ञांनीच शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले; जेमतेम छत्तीस टिकले.”

आपलीच लक्तरे अशी वेशीवर टांगणारी विद्या आम्ही प्रथमच पाहत होतो. आमच्या व्याकरणातील वाद दोन हजार वर्षे चालले, परंतु असा हिशेब कोणी मांडला नाही. असो.

मग तिने आमच्यावरच प्रयोग मांडला. तेरा निरर्थक अक्षरगट—टिब, गुप, लोझ असले काही—एका कागदावर लिहून दिले. अमरकोश मुखोद्गत असलेल्या आम्हांस ही क्षुल्लक गोष्ट वाटली. तरी बिनचूक म्हणण्यास चौदा आवर्तने लागली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो चारच आठवले! आम्ही ओशाळलो. “आता पुन्हा पाठ करा,” ती म्हणाली. या खेपेस नवांतच झाले. पाच आवर्तने वाचली, म्हणजे सुमारे तिसरा हिस्सा. एबिंगहाऊस या जर्मन पंडिताने १८८५ साली स्वतःवर हाच प्रयोग करून एका दिवसानंतर जवळजवळ इतकीच बचत नोंदविली होती आणि २०१५ साली हॉलंडात तो पुन्हा केला असता विस्मरणाची तशीच रेषा निघाली. (एका म्हाताऱ्यावरून सिद्धान्त होत नाही, हेही तिने बजावले.)

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. काल घडाघडा म्हटलेली शब्दरूपे आज त्याला येत ना. “सोंग करतोस! वेड पांघरून पेडगावला जातोस?” असे आम्ही भर वर्गात म्हटले. पोरे हसली. पुढे महिनाभर कोपऱ्यात उभा राहून त्याने शाळा सोडली. त्याने काल शिकलेले वाया गेले नव्हते. आणखी चार आवर्तनांची आम्ही वाट पाहावयास हवी होती.

कलकत्त्यास १९१६ पासून हा विषय विद्यापीठात आहे, पुण्यास प्रा. कोठूरकरांनी त्याचा विभाग उघडला तो ‘प्रायोगिक’ हे विशेषण लावूनच. महाविद्यालयात तो कला शाखेत बसवा की विज्ञानात, आमची तक्रार नाही. परंतु प्रयोग न करता केवळ व्याख्या घोकून घेतल्या तर ते आमच्या शब्दरूपांसारखेच व्हायचे.

कन्या परत गेली. महिन्याने कागद न पाहता किती गट आठवतात ते कळवा, असे सांगून तिने भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती खूण केली आहे. तो मुलगा आता परभणीस दुकान चालवितो. त्याच्या दुकानावरून आम्ही दोनदा गेलो. पायरी अजून चढलेलो नाही.