मखर, करवत आणि हात

माणसाने अवजार घडविले आणि अवजाराने माणसाचा हात घडविला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र हाताची शक्ती जितकी वाढते, तितकी त्याची शिस्तही वाढावी लागते. अमेरिकेतील मराठी घरांत गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात याचा प्रत्यय येतो. शेजारी सुताराचे दुकान नसते. म्हणून वर्षभर कागद हाताळणारे गृहस्थ गॅरेजात प्लायवूडचा तक्ता मांडतात आणि मखराची महिरप कापण्यासाठी हाती जिगसॉ घेतात.

या यंत्राचा जन्म घरगुती आहे. स्वित्झर्लंडमधील सिंटिला कंपनीचा अभियंता आल्बर्ट कौफमान याने १९४६ साली शिवणयंत्राची सुई काढून तेथे करवतीचे पाते बसविले, असे सांगतात. पुढल्याच वर्षी ते 'लेस्टो' या नावाने बाजारात आले. शिवताना बोट सुईखाली जाऊ न देण्याची जी दक्षता गृहिणी घेते, तीच येथेही हवी. फरक इतकाच की, हे पाते फळीच्या खालीही उतरते आणि वरून पाहणाऱ्यास ते दिसत नाही.

एका मंडळातील तबलावादक गृहस्थांना ही गोष्ट फार महाग पडली. रात्र झाली होती, मखराची एकच वेलपत्ती उरली होती. तेवढ्यासाठी क्लॅम्प कशाला आवळावयाचा, म्हणून त्यांनी लहानसा तुकडा डाव्या हाताने खालून धरला. जखम टाके घालून भरली. परंतु तर्जनीच्या टोकाची संवेदना परतली नाही आणि डग्ग्यावरचा 'घे' पूर्वीसारखा उमटेना. त्या वर्षी आरतीला तबला वाजला नाही.

पुढल्या श्रावणात त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, यंदा महिरप मी कापू?" घरात क्षणभर कोणी बोलेना. आईच्या मुद्रेवर स्पष्ट नकार होता. नाही म्हणणे सोपे होते, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. परंतु नकाराने मुलीच्या मनात अवजाराची भीती राहिली असती, ज्ञान नव्हे. हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी योजना महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्यास मांडली, तिच्यामागेही हात शिकला म्हणजे बुद्धीही शिकते, हाच विश्वास होता. गृहस्थ थोडे थांबून म्हणाले, "काप. पण आधी प्लग काढ."

शिकवणीचा आरंभ असा यंत्र बंद ठेवूनच झाला. पाते बदलताना वा पुसताना प्लग बाहेर असलाच पाहिजे. डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, पायांत बंद जोडे. फळी टेबलाला दोन ठिकाणी आवळलेली, आणि कापावयाच्या रेषेखाली काही नाही, हे वाकून पाहिलेले. नेहमीचे पाते वर येताना कापते, म्हणून ढलप्या वरच्या बाजूस उडतात; यास्तव शोभेची बाजू खाली ठेवावी. फळीच्या जाडीत निदान दोन-तीन दाते एका वेळी असावेत. वळणाला अरुंद पाते घ्यावे. आतली जाळी कापताना आधी गिरमिटाने भोक पाडावे. यंत्राला रेटू नये. पाते वाकू लागले वा लाकूड जळल्याचा वास आला, तर ते बोथट झाले असे समजून बदलावे. कळ सोडल्यावर पाते पूर्ण थांबेपर्यंत यंत्र उचलू नये.

विजेचेही भान हवे. भारतातून आणलेले २३० व्होल्टचे यंत्र इकडच्या १२० व्होल्टवर धड चालत नाही. गॅरेजातील जोडणीला वीज जमिनीकडे गळताच प्रवाह तोडणारी व्यवस्था असावी, असा दंडक अमेरिकेच्या विद्युत संहितेत १९७८ पासून आहे. जुन्या घरांत ती आहे की नाही, हे पाहून घ्यावे. लाकडाच्या धुळीला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरविले, हे ध्यानी घेऊन नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी आणि दार उघडे ठेवावे.

महिरप कापावयास मुलीला दोन संध्याकाळी लागल्या. एका ठिकाणी रेषा किंचित ढळली; वडिलांनी ती तशीच राहू दिली. गणपती बसले, आणि आरतीला डग्गा वाजला. मधल्या बोटावर जोर देऊन वाजविलेला तो 'घे' जुन्या श्रोत्यांना निराळा वाटला असेल, पण ताल चुकला नाही.

पुढे खंडेनवमी आली. या दिवशी आपल्याकडे शस्त्रांबरोबर अवजारांचीही पूजा होते. मुलीने न सांगता प्लग काढला, फटींतला भुसा कुंचल्याने झाडला, पात्यावरची चिकटलेली राळ पुसली, पात्यामागच्या रुळावर तेलाचा एक थेंब सोडला आणि वायर कोठे सोलली नाही ना, हे हाताने चाचपून पाहिले. मग यंत्र पाटावर ठेवून तिने त्याला हळदकुंकू वाहिले.