फोटो राहिले, नावं गेली

मिरजेत सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचे मी बरीच वर्षं फोटो काढले. सांगलीत माझा स्टुडिओ आहे. लग्नसराईत पोटापाण्याचं काम आणि पावसाळ्यात धंदा थंडावला की मिरजेची फेरी, असं चालायचं. कॅमेऱ्यातून उतरवलेल्या त्या सगळ्या रॉ फाइल आज माझ्याकडे आहेत आणि एकही खराब झालेली नाही. तरीही मी ते काम जपलं, असं मला म्हणता येत नाही.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर एका कारागीर घरातली मुलगी स्टुडिओत आली. ‘‘काका, आमच्या आजोबांचा जवारी काढतानाचा फोटो तुमच्याकडे आहे ना?’’ तिने आजोबांचं नाव सांगितलं. मी संगणकावर नाव टाकलं. काहीच आलं नाही.

फोटो होता. जवारी काढायची म्हणजे घोडीवर जिथे तारा टेकतात ती जागा कानशीने किंचित घासायची, तार छेडून कान द्यायचा, पुन्हा घासायचं, असं ते काम. मनाजोगता नाद येईपर्यंत माणूस दुसरीकडे बघत नाही. असे किती तरी चेहरे माझ्याकडे होते, पण कुणाचा कुठला हे सांगणारं काही उरलं नव्हतं. शेवटी तिनेच शेजारी बसून एकेक फोल्डर पाहिलं आणि आजोबांना शोधून काढलं.

हे कसं झालं ते सांगतो, कारण माझ्यासारखे छोटे स्टुडिओवाले आजही हेच करताना दिसतात. 2013 साली ॲडोबी कंपनीने आपल्या मुख्य सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायचं जाहीर केलं. पुढे या धंद्यात दरमहा पैसे भरायची सवयच झाली. मीही एक भाड्याचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याचं नाव घेत नाही, कारण चूक माझी आहे. अशा सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइलला हात लागत नाही. उजेड किती वाढवला, सावली किती उघडली, कुठे कापलं, या सूचना कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये साठतात. फोटोला दिलेली नावं, गाव, तारीख, टिपणंही तिथेच. सेटिंगमध्ये एक खूण केली असती तर हे सगळं प्रत्येक फोटोशेजारी छोट्या एक्सएमपी फाइलमध्येही लिहिलं गेलं असतं. ती साधी मजकुराची फाइल असते, कुठल्याही संगणकावर उघडते. काम मंदावतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी ती खूण केली नाही. सॉफ्टवेअर बंद करताना ते कॅटलॉगची प्रत काढू का म्हणून विचारायचं. मी ‘आत्ता नको’ दाबून घरी जायचो.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं. हार्ड डिस्क मी सगळ्यांत आधी वर नेल्या, त्यामुळे फाइल वाचल्या. पण पुढे कित्येक आठवडे गल्ला रिकामा होता. सॉफ्टवेअरचं भाडं थकलं आणि त्यातला एडिटिंगचा विभाग बंद झाला. माझा पारा चढला. माझेच फोटो ओलीस धरलेत, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. त्याच तिरीमिरीत संगणक फॉरमॅट केला आणि दुसरं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलं. त्यात कॅटलॉग पुसला गेला.

मी ज्याला ओलीस म्हणत होतो ते तसं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. मुदत संपल्यावर तिथे फक्त नवे बदल करणं थांबत होतं. फोटो पाहणं, तयार प्रती बाहेर काढणं, नावं फाइलमध्ये उतरवून घेणं, हे सगळं चालू होतं. शांतपणे दोन दिवस बसलो असतो तर सगळं काम बाहेर निघालं असतं. भाड्याच्या पद्धतीबद्दल माझी तक्रार अजूनही आहे, दरवर्षी ते पैसे काढणं छोट्या गावातल्या माणसाला जड जातं. पण हे नुकसान त्या भाड्याने केलेलं नाही. आणि एकदाच पैसे मोजून विकत घेतलेलं सॉफ्टवेअर तरी कुठे टिकतं? ॲपलचं ॲपर्चर लोकांनी विकत घेतलं होतं. 2014 मध्ये कंपनीने त्याचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि 2019 च्या मॅक प्रणालीवर ते उघडेनासं झालं. गूगलने 2016 मध्ये फुकटचं पिकासाही बंद केलं. ज्यांनी आपली मेहनत फक्त अशा एका सॉफ्टवेअरच्या पोटात ठेवली, त्यांची पंचाईत झाली.

तयार प्रतींचंही मी असंच केलं. सोळा बिटची टिफ प्रत म्हणजे चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोला सुमारे 144 एमबी. एवढी जागा कशाला अडवायची, म्हणून मी व्हॉट्सॲपपुरत्या लहान जेपेग ठेवल्या. त्या आज भिंतीवर लावण्याइतक्या मोठ्या छापता येत नाहीत. टिफ 1986 पासून चालत आलेला प्रकार आहे, त्याची रचना जाहीर आहे आणि असंख्य सॉफ्टवेअर तो वाचतात. डिस्क स्वस्त होत गेल्या, तरी माझा कंजूसपणा तसाच राहिला.

एडिटिंग मी पुन्हा करतो आहे. पहिल्यासारखं होत नाही. कारखान्यातल्या खिडकीच्या उजेडात तुनाच्या लाकडाचा तांबूस रंग तेव्हा नेमका कसा दिसला होता, हे आता नजरेत नाही. तरी ते निभावेल. नावांचं तसं नाही. मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे निवडणारा, दांडी तासणारा, हाडाची नक्षी बसवणारा, प्रत्येकाने नाव सांगितलं होतं आणि मी ते त्यांच्यासमोर लिहून घेतलं होतं. त्यांतले काही आता हयात नाहीत.

गेल्या वर्षीपासून मी प्रिंट घेऊन मिरजेला जातो. एका वयस्क कारागिराने चेहरा न दिसणारा फोटो हातात घेतला, पटाशीवरचा अंगठा पाहिला आणि लगेच नाव सांगितलं. ‘‘अंगठा असा वाकडा त्याचाच.’’ नाव मी प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने लिहितो, टिफ फाइलच्या माहितीत घालतो आणि शिवाय एका साध्या मजकुराच्या फाइलमध्येही. एक प्रत स्टुडिओत, एक घरी, एक पुण्यात बहिणीकडे. त्या आजोबांच्या फोटोची मोठी प्रिंट नातीला दिली आणि टिफ फाइलही.

काही फोटोंना अजून नावं मिळालेली नाहीत. त्यांच्या प्रिंट मिरजेत एका वाद्यांच्या दुकानात ठेवल्या आहेत. ओळख पटली तर मागे नाव लिहा, असं दुकानदार येणाऱ्या जुन्या मंडळींना सांगतो.