रुग्णवाहिकेच्या आधी
२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली व वीसहून अधिक जण दगावले. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. परंतु झरी-जामणीतील पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, निघणाऱ्या रुग्णाचा पहिला टप्पा अनेकदा शेजाऱ्याच्या दुचाकीवर आणि आशा सेविकेच्या भरवशावर पार पडतो, जिला शासन सोयीस्करपणे अजूनही स्वयंसेविकाच मानते. माखलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुणे तिच्या हाती असते. त्याहून मोलाचे म्हणजे डॉक्टरांना विष ओळखता यावे म्हणून फवारलेल्या औषधाचा डबा रुग्णासोबत पाठवणे, कारण ऑरगॅनोफॉस्फरस गटातील विषावर ॲट्रोपिन हा उतारा दिला जात असला, तरी तो प्रत्येक कीटकनाशकाला लागू पडत नाही.