एका ओळीचं देणं

आमच्या वाचनालयातल्या जुन्या मासिकांचं स्कॅनिंग संपलं, तेव्हा हार्डडिस्कवर टिफ फायलींचा नुसता डोंगर उभा होता. ए-फोर आकाराचं एक पान, ३०० डीपीआय, पूर्ण रंगात, म्हणजे साधारण २६ एमबी. आणि अशी पानं हजारोंनी. एकेक फाईल उघडायची, 'सेव्ह अ‍ॅज' करायचं, जेपेग निवडायचं. या गतीने माझी निवृत्तीपर्यंतची सोय झाली होती.

त्यातून मला सोडवलं काकांनी. काका ऑफसेट छापखान्यातले कॅमेरामन. प्रोसेस कॅमेऱ्यावर निगेटिव्ह काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर नातवाच्या नादाने ते लिनक्स शिकले. पेपर वाचायला यायचे. एकदा माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "अगं, एवढं क्लिक क्लिक कशाला? एका ओळीचं काम आहे."

ती ओळ चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरची होती. 'मॉग्रिफाय' ही आज्ञा आख्ख्या फोल्डरवर चालते; पण फॉरमॅट तोच ठेवून फाईल लहान करायला सांगितली, तर मूळ फाईलच पुसून तिच्या जागी नवी लिहिते. म्हणून काकांनी आधी निकालाचं फोल्डर वेगळं करायला लावलं. "निगेटिव्हवर कधी खोडरबर चालवायचं नाही," हे त्यांचं कारण. (आमच्या स्क्रिप्टमध्ये इमेजमॅजिकची 'कन्व्हर्ट' ही आज्ञाही होती. विंडोजवर त्याच नावाची आणखी एक आज्ञा आहे, ती चित्रांना नाही, डिस्कच्या फाईल-व्यवस्थेला हात घालते. त्या घोळात पडायलाच नको म्हणून त्यांनी मशीनवर लिनक्स टाकून दिलं.)

जेपेग मात्र त्यांना पसंत नव्हतं. फोटोला ठीक, पण ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून बारकावे गाळतं, आणि अक्षराच्या धारदार कडेभोवती धूसर मळ साचतो. नुसत्या मजकुराची पानं त्यांनी निव्वळ काळ्या-पांढऱ्यात नेली. चोवीस बिटांच्या जागी एक बिट, वर फॅक्ससाठी घडवलेली ग्रुप फोर पद्धत. पान एमबीवरून केबीवर आलं.

खरी कसोटी थ्रेशोल्डच्या टक्क्याची. त्या टक्क्याच्या वरचा उजेड पांढरा, खालचा काळा. टक्का कमी ठेवला की पिवळा कागद स्वच्छ होतो, पण फिकट उमटलेले अनुस्वारही धुऊन जातात. वाढवला की वाळवीचे डाग अनुस्वार होऊन बसतात. काका पान मोठं करून फक्त शिरोरेघेच्या वरची पट्टी बघायचे. छापखान्यात लिथ फिल्मवर हेच करत होतो म्हणाले: एक्स्पोजर जास्त झालं की बारीक रेघ जाते, कमी पडलं की कागदाचा मळ येतो. प्रत्येक वर्षाचा कागद वेगळा, शाई वेगळी, म्हणून प्रत्येक वर्षाच्या फोल्डरला त्यांनी वेगळा टक्का लावला. हे शहाणपण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं.

सॉफ्टवेअर ज्याचं, त्याची हकिगतही मला काकांनीच सांगितली. १९८७ साली ड्युपॉंट या रसायन कंपनीत जॉन क्रिस्टीला त्याचे वरिष्ठ डेव्हिड पेन्सॅक यांनी काम दिलं: चोवीस बिटांची चित्रं २५६ रंगांच्या पडद्यावर दाखव. त्याने युजनेट या संगणकी चर्चामंचावर विचारलं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेतल्या पॉल रेव्हलिंगने सोर्स कोडसकट उत्तर दिलं, फुकट. क्रिस्टीच्या मनात ते राहिलं. आपला प्रोग्राम तयार झाल्यावर तोही तसाच वाटावा असं त्याने ठरवलं. कंपनीची परवानगी पेन्सॅकनी मिळवून दिली आणि १ ऑगस्ट १९९० ला इमेजमॅजिक सगळ्यांचं झालं. म्हणजे मी ज्याची देणेकरी, तो स्वतःच कुणाचं तरी फेडत होता. काकांना हा भाग फार आवडायचा. पेन्सॅकचं नाव तर ते एखाद्या चांगल्या फोरमनचं घ्यावं तसं घ्यायचे.

वाचनालयाच्या समितीने काकांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं, तर म्हणाले, "त्या पैशात स्कॅनरची काच बदला, डाव्या कोपऱ्यात ओरखडा आहे." काच बदलली. पुढे काका मुलाकडे नाशिकला राहायला गेले.

इमेजमॅजिकची सातवी आवृत्ती आली, तेव्हा 'कन्व्हर्ट' ऐवजी 'मॅजिक' लिहा, असा इशारा आमच्या स्क्रिप्टवर येऊ लागला. वाचनालयात आलेल्या नव्या मुलाने तेवढा शब्द बदलला आणि विचारलं, "ताई, हे टक्के एकसारखे करून टाकू का?" मी त्याला एका जुन्या दिवाळी अंकाचं पान उघडून शिरोरेघेच्या वरची पट्टी दाखवली.