अर्जात नसलेला रकाना

आमच्या लहानपणी भिवंडीत प्रचार रंगायचा तो शुक्रवारी. इतर दिवशी यंत्रमागाच्या साच्यांच्या खटखटीपुढे कुणाच्याच भोंग्याचं काही चालत नसे. शुक्रवारी साचे बंद, म्हणून सुट्टी सगळ्यांनाच. मुसलमान मोमीन विणकरांना, पद्मानगरच्या तेलुगू विणकरांना आणि आमच्या आळीतल्या कांड्या भरणाऱ्या पोरांनाही. हिंदू मालकाच्या कारखान्यातही शुक्रवारच पाळत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दुपारची नमाज आटोपली की नगरपालिकेचे उमेदवार मंडईपासून तीन बत्तीपर्यंत पायी फिरत. आमच्या ओट्याशी आले की आजोबा एकच विचारत, "नळाला पाणी किती वाजता सोडणार, ते सांगा आधी." समोर टोपी असो की टिळा, प्रश्न तोच. पाणी यायचं भल्या पहाटे आणि उठून हंडे लावायचे आजीने. त्यामुळे घरातली मतं बहुधा तीच ठरवत असावी.

जून १९८० मध्ये बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले, तेव्हा समोरचे कोकणी मुसलमान चाचा पेढे घेऊन आले. "आपला कोकणचा माणूस बसला बघा, आजोबा!" म्हणाले. आजोबांनीही पेढा तोंडात टाकत "कोकणचा" एवढंच उचललं. आंबेतचा हा माणूस दीड वर्षच टिकला, पण तेवढ्यात त्याने संजय गांधी निराधार योजना आणली, कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं आणि भवानी तलवार लंडनहून आणायची भाषा केली. तलवार काही आली नाही, पण आजोबा त्या तलवारीवर फार खूश होते. जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांचं पद गेलं ते सिमेंट घोटाळ्यापायी. आमच्या ओट्यावर त्यांना शिव्या पडल्या त्या सिमेंटच्या परवान्यांवरून आणि त्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानच्या देणग्यांवरून. त्यांचा धर्म काढायची कुणाला गरज भासली नाही. पद असंच मिळावं आणि जायचं तर असंच जावं, असं मला आजही वाटतं.

पण आमचा जुना काळ गोडीगुलाबीचा होता असं म्हणणारा माणूस भिवंडीचा नसणार. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत इथेच दंगल पेटली, तिच्या चौकशीला न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ मध्ये पुन्हा दंगल. माणसं तर मेलीच, पण नंतर जे झालं ते हळू झालं, म्हणून कुणाच्या नजरेत आलं नाही. लोकांनी घरं बदलली. आमच्या समोरचे चाचा बिऱ्हाड घेऊन 'आपल्या माणसांत' राहायला गेले, तिकडचं एक कुटुंब आमच्या आळीत आलं. निरोपाला दोन्ही घरच्या बायका रडल्या आणि दोन्ही घरच्या पुरुषांनी सामान उचलायला हात लावला. वॉर्ड असे एकरंगी होत गेले. मतदार एका धर्माचे उरले, की उमेदवार कुठल्या धर्माचा हे ठरवायला पक्षाला डोकं चालवावं लागत नाही.

ते उलटं फिरवायचा एक प्रयत्न इथेच झाला. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या बसवल्या. दोन्हीकडची साधी माणसं एका सतरंजीवर, भांडण विझवायला. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई दंगलीत जळत होती, भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांतल्या कुणाला कुणी निवडून दिलेलं नव्हतं, ही गंमत मला अजून सतावते.

आज निवडणूक जाहीर झाली की पहिला प्रश्न ऐकू येतो, "आपला कोण?" उमेदवाराच्या शपथपत्रात मालमत्ता, गुन्हे, शिक्षण सगळं लिहावं लागतं; धर्माचा रकाना त्यात नाही. राज्यघटना तर शपथही ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक, कशीही घेऊ देते. (राखीव जागेचं मात्र वेगळं. अनुसूचित जातीचा माणूस मुसलमान किंवा ख्रिस्ती झाला, की ती जागा त्याला बंद. बौद्धांनाही केंद्राने १९९० मध्ये कुठे आत घेतलं.) जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की उमेदवाराच्या किंवा मतदाराच्या धर्मावर मत मागणं हे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण. अंतुल्यांनंतर महाराष्ट्राला मुसलमान मुख्यमंत्री मिळालेला नाही. २००४ मध्ये तेच लोकसभेत गेले. पुढचा मुसलमान खासदार महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून यायला २०१९ उजाडलं. कायद्याने कुणाला अडवलं नव्हतं.

आता आमच्या महापालिकेचं ऐका. मे २०१७ मध्ये नव्वदपैकी ४७ जागा काँग्रेसला मिळाल्या, म्हणजे निखळ बहुमत. डिसेंबर २०१९ मध्ये महापौर निवडायची वेळ आली, तेव्हा काँग्रेसचेच १८ नगरसेवक फुटले आणि ज्या कोणार्क आघाडीचे जेमतेम चार नगरसेवक, तिच्या प्रतिभा पाटील महापौर झाल्या. दारोदार 'आपला कोण' विचारणाऱ्या गावात सभागृहात मात्र कुणी कुणाचा धर्म विचारल्याचं ऐकिवात नाही. चाचांचा मुलगा मंडईत भेटला, तर हसतच म्हणाला, "बघा काका, एकोपा म्हणतात तो हाच!"